घागरीतले तुरे

परवा बारामतीहून इंदापूरला निघाले होते. भवानीनगर मागं पडलं, दुपार कलायला लागली आणि रस्त्याच्या कडेचा ऊस एकदम उजळून निघाला. शेंड्याशेंड्यावर तुरे आले होते. ऊन पलीकडून येत होतं, त्यामुळे एकेक तुरा आतून दिवा लावल्यासारखा दिसत होता; रुपेरी, मध्येच किंचित जांभळट, वाऱ्याच्या हलक्या झुळकेनंही लवणारा. गाडीची काच खाली केली तर मळीचा तो ओळखीचा, नाकाला झोंबणारा वास आत आला. शेजारी कुणी परगावचं माणूस असतं तर म्हणालं असतं, थांबा हो जरा, फोटो काढू. मी पडले ऊसवाल्याची लेक. माझ्या तोंडून आधी निघालं, ‘अरेरे, कुणाचा राहिला हा!’ आणि मग माझं मलाच हसू फुटलं. गाडी बाजूला घेतली आणि बांधाशी उभी राहून मी ते तुरे डोळे भरून पाहिले. असं पाहायला मला कुणी शिकवलं आणि त्यापायी आमच्या घरावर काय बाका प्रसंग आला होता, ते आज सांगावंसं वाटतंय.

ज्यांच्या दारात ऊस नाही त्यांच्यासाठी आधी एवढं सांगायला हवं, की तुरा ही आमच्याकडे मिरवायची गोष्ट नाही. ऊस वेळेत तुटला नाही, उभाच राहिला, की त्याला तुरा येतो. तुरा आला की वाढ थांबली. मग ऊस आतून पोकळ पडत जातो आणि वजन उतरतं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, या बाबतीत भारीच तोऱ्यात असायचे. दुसऱ्याच्या रानात तुरा दिसला की मोटरसायकल हळू करून म्हणायचे, “ज्याच्या रानात तुरा, त्याचं ध्यान घरात न्हाय.” आमची लागण, म्हणजे उसाची लावणी, वेळेवर, पाणी वेळेवर, तोडही वेळेवर. आमच्या गावात, वरकुट्यात, आबांच्या उसाला तुरा कुणी पाहिलेला नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतःच चारचौघांत दहादा सांगत असल्यामुळे ती विसरायची कुणाला सोयही नव्हती.

आता घराविषयी. आमचं घर तसं ऐसपैस, स्लॅबचं, पण त्याच्या सजावटीविषयी न बोललेलं बरं. हॉलला शेवाळी रंग. भिंतीवर तीन कॅलेंडरं, तिन्ही खतांच्या दुकानांची. काचेच्या शोकेसमध्ये आईच्या रुखवतातला लोकरीचा ससा. त्याचा एक डोळा कधी गळून पडला ते कुणालाच आठवत नाही. टीव्हीला क्रोशाचा रुमाल, फ्रिजच्या मुठीलाही कापडी खोळ, आणि प्लॅस्टिकचे गुलाब, जे दर दिवाळीला साबणाच्या पाण्यात आंघोळ करून पुन्हा आपल्या जागी जाऊन बसत. आईला कलेचं वेड नव्हतं असं नाही. फुटक्या बांगड्यांचे तुकडे मेणबत्तीवर वाकवून तिनं केलेलं तोरण दाराला होतं, जुन्या लुगड्यांची बस्करं होती, गोधड्या होत्या. पण पुढं संसार वाढला, गोठा वाढला आणि तिची सुई भिंतीतल्या कोनाड्यात गंजत पडली. घर म्हणजे झाडून-सारवून स्वच्छ ठेवायची जागा. नटवायची ती सणाला, तेही घाईघाईनं, असंच आमचं सगळ्यांचं मत होऊन बसलं होतं.

अशा घरात वहिनी आली. दादा बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला होता, तीही तिथंच. माहेर चिपळूणकडचं. दोघांनी आपापलं ठरवलं आणि मग घरी सांगितलं. इकडे आबांनी डाळज गावातल्या एका जुन्या स्नेह्याला त्याच्या मुलीसाठी शब्द देऊन ठेवला होता. तो शब्द मोडला. आबांनी आदळआपट केली नाही, लग्नाला आले, फोटोत उभे राहिले, अक्षताही टाकल्या. फक्त सुनेशी एक अक्षर बोलले नाहीत. उन्हाळ्यात लग्न झालं, पाऊस झाला, दिवाळी झाली, तरी नाही. रागावलेला माणूस ओरडला तर त्याला उत्तर देता येतं. आबांच्या गप्प बसण्याला कुठून हात घालावा हेच कळत नसे.

म्हणजे बोलणं व्हायचं, पण आईच्या मार्फत. वहिनी समोर चहाचा कप घेऊन उभी असली तरी आबा आईला म्हणत, “तिला म्हणावं, साखर कमी टाकत जा.” वहिनी म्हणे, “आई, आबांना विचारा ना, गुळाचा करू का?” मध्ये बिचारी आई, इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं करत उभी. कधी ती परसात असली तर दोघंही तिची वाट बघत थांबत आणि चहा निवून जाई. ऐकायला हे गमतीचं वाटेल. मीही कॉलेजच्या हॉस्टेलवर मैत्रिणींना नक्कल करून दाखवायचे. पण सुट्टीला घरी आले की माझा जीव गुदमरायचा. वहिनी पाठमोरी होऊन भांडी लावत असे आणि तिच्या पाठीकडे पाहून कळे, की ही बाई जपून, पाहुण्यासारखी वावरते आहे. दादा एकदा मला म्हणाला होता, “आमी बारामतीलाच खोली बघतो. हिला हितं घर वाटंना झालंय.” ते ऐकल्यापासून मला धास्तीच बसली. दादा गेला तर आई-आबा त्या शेवाळी हॉलमध्ये दोघंच उरले असते, एकमेकांशी बोलायलाही विषय नसलेले.

वहिनीचे हात मात्र गप्प बसणारे नव्हते. तोंडानं जे बोलता येत नव्हतं ते ती हातांनी बोलत होती की काय कोण जाणे. प्रथम तिनं आईच्या विरलेल्या इरकली लुगड्यांचे काठ वाचवले आणि मांजरपाटाला जोडून खिडक्यांना पडदे शिवले. मग रिकाम्या बाटल्यांना सुतळी गुंडाळून त्यांत मनीप्लँट लावला. फुटक्या माठाला गेरू देऊन चुन्यानं त्यावर वेलबुट्टी काढली. या सगळ्यात मला आवडली ती मक्याची फुलं. आमच्याकडे कणसं सोलली की सालपटं थेट गोठ्यात जायची. ती आतली कोवळी, पांढरी सालपटं निवडायची, कोमट पाण्यात भिजवायची, काही हळदीच्या पाण्यात, काही बिटाच्या. अर्धवट सुकली की दुमडून पाकळ्या करायच्या आणि देठाशी दोऱ्यानं आवळून बांधायच्या. बस, झालं फूल. आईनं आधी नाक मुरडलं. “जनावराच्या तोंडचं काढून भितीला लावतीस व्हय गं?” म्हणाली. पण तिसऱ्या दिवशी मी पाहिलं तर आईच पाकळ्या दुमडत बसली होती, आणि वहिनीपेक्षा तिच्या पाकळीला बाक चांगला येत होता. कोनाड्यातली सुई तिनं रॉकेलमध्ये बुडवून घासूनपुसून काढली. सुट्टीच्या दुपारी दोघी ओट्यावर फतकल मारून बसायच्या, मध्ये सालपटांचा ढीग, आणि आईला कित्येक वर्षांत न आठवलेल्या गोष्टी आठवायच्या. तिच्या माहेरच्या भिंतींवर मोर होते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आबा या सगळ्यातून वळसा घालून जात. जुन्या साड्यांच्या पट्ट्या विणून केलेलं पायपुसणं दारात आलं, तर त्यावर पाय न देता ते लांब ढांग टाकून आत येत. पडद्यांकडे बघून आईला म्हणाले, “तुझं लुगडं खिडकीला टांगलंय, रस्त्यावरचा माणूस काय म्हणंल?” आई म्हणाली, “तीस वर्सं मी नेसले तवा रस्त्यावरचा माणूस काय म्हणला न्हाय.” त्यावर आबांनी टोपी घातली आणि ते रानात गेले. त्या वर्षी ते रानात जरा जास्तच जायला लागले होते. आम्हाला वाटलं, घरातलं अवघडलेपण टाळायला जात असतील. खरं कारण निराळंच होतं.

संक्रांत जवळ आली. नव्या सुनेची पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू, हे सगळं रीतीप्रमाणं व्हायला हवं. करावं की न करावं यावर आईनं आबांना विचारलंच नाही. “सण माझा हाय,” एवढंच म्हणाली. बारामतीहून हलवा आणला आणि आम्ही तिघी दागिने करायला बसलो. सोनेरी कागदाच्या पट्ट्या, पांढरा दोरा, एकेक काटेरी दाणा ओवायचा. हार झाला, बाजूबंद झाले, कानातले झाले. हलव्याचे दाणे फुटत, आणि फुटलेले आम्ही खात असू. काही तर, खोटं कशाला बोलू, न फुटलेलेही खाल्ले. वहिनी त्या दिवसांत मोकळी हसली. तिच्या मनात एकच होतं, आपल्या हातानं घर असं सजवायचं की आलेल्या बायकांनी आईंचं कौतुक करावं. आणि ती बोलली नाही तरी मला ठाऊक होतं, की ते कौतुक कुठून तरी फिरून आबांच्या कानी जावं असंही तिला वाटत होतं.

संक्रांतीच्या दुपारी मी वाणाच्या डब्या आणायला इंदापूरला गेले होते. परत आले, चप्पल काढली, आत पाऊल टाकलं आणि तिथंच थिजले. हॉल ओळखू येत नव्हता. कॅलेंडरं गायब. पताकांसारख्या लावलेल्या पतंगांच्या ओळी, मक्याच्या पिवळ्या-गुलाबी फुलांच्या माळा, चौरंगावर हरभरा, बोरं आणि उसाच्या कांड्यांनी भरलेली सुगडं. आणि कोपऱ्यात, आबांच्या खुर्चीला अगदी लागून, आईची घासून लखलखीत केलेली तांब्याची घागर. तिच्यात लांब देठांचे, भरगच्च, रुपेरी तुरे! खिडकीतून आलेल्या उन्हात ते असे झळकत होते की क्षणभर मी सगळं विसरून बघतच राहिले. सुंदर दिसत होते. जन्मभर ज्याच्याकडे बघून ‘अरेरे’ म्हणायचं ते इतकं देखणं असतं हे मला माहीत नव्हतं. आणि दुसऱ्याच क्षणी मला आबा आठवले.

“वहिनी, हे कुठून आणलंत?” मी विचारलं.

“आपल्याच शेतातून,” ती आनंदानं म्हणाली. “विहिरीजवळच्या पट्टीत किती फुललेत! कुणी कसे आणत नाही घरात?”

आपल्याच शेतातून! आमचं ते रान वस्तीच्या मागं, विहिरीपासून ओढ्यापर्यंत पसरलेलं. रस्त्यावरून दिसत नाही. त्या वर्षी तोडणीच्या टोळ्या कमी आल्या होत्या, तोडीची पाळी लांबली होती आणि आबांच्या उसाला तुरा आला होता. आबांनी ते घरातसुद्धा कुणाला कळू दिलं नव्हतं. गावाला तोंड कसं दाखवावं या काळजीनं ते ओढ्याकडे घिरट्या घालत होते. आणि त्यांची सून, कोकणातली भाबडी पोर, तेच झाकलेलं दुखणं घागरीत घालून हळदीकुंकवाच्या हॉलमध्ये मांडून बसली होती.

उचलून ठेवावेत म्हणून मी घागरीला हात घातला, तोच दारात बांगड्या वाजल्या. आमची चुलती सगळ्यांच्या पुढं. बाईचा आवाज असा की ओढ्यापल्याड ऐकू जावा. तिनं पतंग पाहिले, फुलं पाहिली, नववधूची हनुवटी धरून अलाबला घेतली, आणि मग तिची नजर कोपऱ्यात गेली.

“अगं बया! तुमच्यात तुरा हॉलमधी आलाय व्हय? कुणाच्या रानातला गं?”

“आपल्याच,” वहिनी म्हणाली.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग सगळ्याजणी अशा हसल्या की सुगडातली बोरं हलली असतील. “आबांच्या उसाला तुरा!” “आन् हे आबा आमाला शानपन शिकवत्यात!” एकीनं तर पदर तोंडाला लावून डोळेच पुसले. वहिनीला काही कळेना. मी तिला बाजूला घेऊन दोन वाक्यांत सांगितलं. तिचा चेहरा असा पडला की हलव्याचा तो शुभ्र हार एकाएकी तिच्या गळ्यात जड दिसायला लागला. ती घागरीकडे धावली, पण आईनं तिचा हात धरला. “ऱ्हाऊ दी. आता झाकून काय उपेग? हळदकुकू लाव तू.” आईचा आवाज शांत होता, आणि कुंकवाची कोयरी घेऊन तीही बायकांपुढं फिरायला लागली. मी मनात म्हटलं, संपलं. उद्या दादा खोली बघायला जाणार.

बायका अजून तिळगूळ घेतच होत्या आणि दारात आबा. कुणी वाटेतच सांगितलं असावं. बायकांनी पदर सावरले, हसू गिळलं. आबांनी घागरीकडे पाहिलं. पतंगांकडे पाहिलं. मग चालत आत आले, त्या पायपुसण्यावर पाय देऊन, हे बहुधा एकट्या मलाच दिसलं असेल, आणि खुर्चीत बसले. तुऱ्याचा एक झुपका त्यांच्या टोपीला लागत होता. तो त्यांनी हातानं बाजूला केला नाही.

वहिनी पुढं आली. काळ्या साडीत, सगळ्या गावासमोर. आईकडे न बघता, आईच्या मार्फत नव्हे, थेट म्हणाली, “आबा, मला माहीत नव्हतं. मला ते फार सुंदर वाटले म्हणून आणले.”

आबांनी टोपीला लागलेला तो तुरा हातात धरून पाहिला. स्वतःच्याच रानातली गोष्ट ते पहिल्यांदा बघत असावेत. आणि मग त्यांनी मान वर केली आणि तिलाच विचारलं, “कुटल्या पट्टीतला आणलास?”

आईच्या हातातली कोयरी थांबली. वहिनी चाचरत म्हणाली, “विहिरीजवळच्या.”

“तितला आखूड हाय,” आबा म्हणाले. “वड्याच्या अंगाला जायचं व्हतं. तितं चांगला दोन हात तुरा हाय. उद्या दावतो तुला, पोरी.”

चुलतीनं कपाळावर हात मारून घेतला आणि मग जी हसायला लागली ती थांबेचना. आबाही हसले. कित्येक दिवस ओढ्याच्या काठानं एकट्यानं वाहिलेला भार त्यांच्या खांद्यावरून उतरलेला मला दिसत होता. गाव हसलं होतं, हसून झालं होतं, आणि काहीच बिघडलं नव्हतं. बायकांनी जाताना एकेक तुरा मागून नेला. त्या वर्षी गावातल्या बऱ्याच घरांत, उघडपणे, तुरा नांदला. काहींनी आपल्याच रानातले आणून लावले, म्हणजे कुणाकुणाचे लपवलेले होते तेही कळलं!

संध्याकाळी जेवायला बसलो. आबांनी सवयीनं आईकडे बघून “तिला म्हणावं—” अशी सुरुवात केली, थांबले, घसा खाकरला आणि म्हणाले, “पोरी, आर्दी भाकरी दी.” वहिनीनं पूर्ण भाकरी वाढली. आईनं ताट पुढं ओढलं, पाटावर ऐसपैस बसली आणि म्हणाली, “सुटले बाई! निरोप्याची नोकरी गेली माझी.” ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मला इतकं हायसं वाटलं की जेवताना ठसका लागून मी पाणी मागितलं.

आता त्याला काही वर्षं झाली. त्या सजावटीतलं फारसं काही उरलेलं नाही. पतंग फाटले, हलव्याच्या दागिन्यांना मुंग्या लागल्या, मक्याच्या फुलांचा रंग उन्हानं उडाला, तुऱ्यांचा तर आठवड्यात भुरभुरून घरभर कापूस झाला होता आणि आई तो झाडता झाडता कावली होती. हातानं केलेल्या वस्तूंचं आयुष्य तेवढंच असतं, आणि त्याबद्दल वाईटही वाटत नाही. दर सणाला नवं काहीतरी होतंच. दादानं खोली बघितली नाही. वहिनी बारामतीला जाऊन-येऊन नोकरी करते आणि येताना काय काय भंगार गोळा करून आणते. ते ठेवायला आबांनी गोठ्याशेजारी एक पत्र्याची शेड मारून दिली आहे. ती कुठं असावी, खिडकी कुठल्या बाजूला, यावरून दोघांचं चांगलं कडाक्याचं भांडण झालं म्हणे, थेट, समोरासमोर.

गेल्या रविवारी मी घरी फोन लावला. आबांनी उचलला. मी म्हटलं, “आबा, वहिनीला द्या जरा, मला पडद्याचं विचारायचंय.”

पलीकडून आबा म्हणाले, “मागनं कर गं. आमचं बोलनं चाललंय.” आणि फोन ठेवून दिला.

मी हसत फोन खाली ठेवला. मग उठले आणि चहा ठेवला.